रोजगार केंद्राने नोंदणीवर थांबू नये

महोदय,

रोजगार मेळाव्याच्या बातमीत किती जणांची 'प्राथमिक निवड' झाली हे छापून येते; रुजू किती झाले, हे क्वचितच. पण खरा प्रश्न त्याआधीचा आहे. रोजगार केंद्राशी संबंध आल्यावर उमेदवाराची शोधाशोध वाढते की मंदावते?

नुसत्या नोंदणीने ती मंदावते. पूर्वी सेवायोजन कार्यालयातून (आजच्या रोजगार केंद्राचे जुने रूप) नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार सरकारी नोकरीच्या मुलाखतीचे 'कॉल' निघत, तेव्हा नोंदणीचे कार्ड काढून वाट पाहणे शहाणपणाचेच होते. सरकारी भरतीत केवळ या कार्यालयाच्या यादीवर न थांबता जाहिरातही द्यावी, असे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि त्या कार्डाचे वजन कमी झाले. खासगीत तर ते कधीच नव्हते. 1959 च्या कायद्याने 25 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना रिक्त पदे कळवणे सक्तीचे केले, यादीतूनच माणूस घेणे नव्हे. वाट पाहायची सवय मात्र राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगार नोंदणी पोर्टलवरही आली. बारावीला भरलेली माहिती पदवीनंतरही तशीच, मोबाइल क्रमांक बदललेला, आणि अपेक्षित पद? 'कोणतेही काम चालेल'. मालकाच्या शोधात असे नाव येणार कसे?

दक्षिण आफ्रिकेत श्रम विभागाच्या मदतीने झालेल्या एका प्रयोगात कार्यशाळेबरोबर उमेदवारांकडून आठवड्याचा आराखडा लिहून घेतला. अर्ज सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. शोधाचे तास वाढले नव्हते, मार्ग वाढले होते.

आपल्याकडे याला एक कागद पुरेल. वार, मार्ग (पोर्टल, एमआयडीसीतले गेट, कंत्राटदार, ओळख) आणि अर्जांची संख्या, असे तीन रकाने. एक प्रत उमेदवाराकडे, एक केंद्रात. पंधरा दिवसांनी फोन करावा, पण 'नोकरी लागली का?' असे विचारू नये. कुठे अडले ते विचारावे. अर्ज भरपूर आणि मुलाखत नाही, तर बायोडाटा किंवा निवडलेले पद चुकते आहे. मुलाखती होऊनही निवड नाही, तर सराव हवा. अर्जच नसतील, तर बहुधा प्रवासखर्चाची अडचण असते, आळसाची नव्हे. मात्र याची हजेरी करू नये. सक्तीने आकडा मागितला की कागदावर खोटे अर्ज उमटतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ठरावीक मुदतीसाठी आस्थापनेत काम शिकणाऱ्या उमेदवारांना तर याची जास्तच गरज आहे. दरमहा 6 ते 10 हजारांचे विद्यावेतन चालू असेपर्यंत शोध साहजिकच थांबतो. त्यांचा आराखडा मुदत संपायच्या दोन महिने आधी लिहून घ्यावा, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रासोबत नव्हे.

– एक रोजगार समुपदेशक, नाशिक