विचारायचं राहून गेलं

प्रिय मित्रा,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागाव, हक्क आहे तुझा. माझं बीपी कंट्रोलमध्ये आहे, गोळ्या चालू, बाकी ठीक.

अण्णांना पॅरालिसिसचा अटॅक आला, दोन आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण सांगायचंय ते वेगळंच आणि ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

परवा भेटायच्या वेळेत, वॉर्डात ही गर्दी, आणि एक जण येऊन सरळ त्यांचा डायपर बदलायला लागला. पडदा उघडाच. मी शेजारीच उभा, इन्शुरन्ससाठी फोनवर. सहज लक्ष गेलं तर अण्णा डाव्या हाताने चादर ओढतायत, ती बोटांत येते नि निसटते, परत ओढतात, आणि डोळे माझ्याकडे. अरे, टपालवाला आला तरी शर्टाची सगळी बटणं लावल्याशिवाय दार न उघडणारा माणूस तो! वरचं बटण लावताना मान उंच करायचे, तू नक्कल करायचास बघ, ती आठवून आत्ता लिहिताना हसूही आलं आणि भरूनही आलं.

त्याच्या आदल्याच दिवशी मी त्यांच्या उशाशी उभं राहून डॉक्टरांना म्हणालो होतो, त्यांना आता काही कळत नाही. सगळं कळतं रे. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, हे मी कसं काय धरून चाललो?

रात्री एक मावशी ड्युटीला असतात. पडद्याच्या कड्या तुटल्यात, तर त्या स्वतःच्या दोन सेफ्टी पिना लावून पडदा बंद करतात, मग वाकून विचारतात, "बाबा, बदलू का?" आणि थांबतात. अण्णा पापणी मिटेपर्यंत खरंच थांबतात. अख्खा वॉर्ड सांभाळतात त्या, तरी तेवढा वेळ त्यांच्याकडे असतो.

तेव्हा मला ते फीचं आठवलं. तुला वर्गात उभं केलं, मी सगळ्यांकडून पैसे गोळा करून भरले आणि तू वर्षभर बोलला नाहीस. मी गावभर सांगत फिरलो की ह्याला जाणीव नाही. तू एवढंच म्हणाला होतास, "मला विचारलं का नाहीस?" फी भरली नसती तर नाव कापलं असतं तुझं, त्यावर मी अजूनही भांडेन. पण विचारायला हवं होतं. चुकलोच. आणि त्याच वर्षी तू वक्तृत्वाला मानवी हक्कांवर बोललास, संयुक्त राष्ट्रांचा १९४८चा जाहीरनामा, पहिल्या कलमाच्या मसुद्यात नुसता पुरुषांचा उल्लेख होता, तो बदलून 'सर्व माणसं' असं करून घेण्यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी धरलेला आग्रह, सगळे जन्मतःच प्रतिष्ठेने समान वगैरे. मला वाटलं, काय पाठांतर आहे! तू माझ्याकडे बघून बोलत होतास का रे तेव्हा?

काल अण्णांची माफी मागितली. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते हो होतं की झोप, कळलं नाही, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

तुझं काय? नोकरीचं झालं का नक्की? लेकीचा रिझल्ट? वहिनींची पाठ? सगळं सविस्तर लिही. मावशी आल्यात, पडदा धरायला हवा. ठेवतो.

तुझाच