आईच्या चेहऱ्याला शोभेल असा विग

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की आई "बघू नंतर" म्हणते, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, हे आईला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या. तुमचं काम शेवटी लिहिलंय.

आई, पहिली किमो झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात, आणि तुझ्या औषधांनी ते जाणारच हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून विग आत्ताच बघायचा. आत्ता तुझ्या केसांचा रंग, पोत, भांग समोर आहे, त्याच्याशी ताडून घेता येईल. नंतर दुकानात तासभर बसायचं त्राण तुला असेलच असं नाही.

इथल्या दुकानांत मी चौकशी करून आले. गोल चेहऱ्याला टाळूवर थोडी उंची आणि हनुवटीच्या खाली जाणारे केस, रुंद जबड्याला मऊ लाटा, लांबट चेहऱ्याला कानांच्या बाजूंना भरीवपणा, असा त्यांचा ढोबळ हिशोब असतो. तुझा चेहरा लांबट, कपाळ मोठं. टाळूवर फुगवलेला किंवा पाठीवर सरळ लोंबणारा विग तुला आणखी लांबट दाखवेल. हनुवटी आणि खांदा यांच्या मधे थांबणारा, बाजूने भांग असलेला, कडांना किंचित वळणारा विग तुला शोभेल असं मला मनापासून वाटतं. शिवाय किमोसोबत स्टेरॉइड देतात, त्याने काही जणींचे गाल सुजतात. तसं झालं तरी हीच लांबी चालेल. गालावरच संपणारा बॉब मात्र सूज उठून दाखवेल.

मोठं कपाळ झाकायला दुकानातली मुलगी भुवयांपर्यंत येणारी दाट झुलपं सुचवत होती. मला ते मुळीच पटलं नाही. त्यात तुझं कुंकू झाकलं जाईल, आणि कुंकवाशिवायचा तुझा चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही. एका बाजूला वळवलेल्या विरळ बटा घेऊ. भुवयाही विरळ होऊ शकतात, तेव्हा त्या बटांचा आडोसा होईल.

रंग काळाभोर नको. तुझ्या केसांत आता चांदी आहे, तशीच मिसळ असलेला घेऊ. एकसारखा काळा रंग लांबूनही ओळखू येतो, आणि आजारपणात उतरलेल्या रंगावर तो फार कठोर दिसतो.

खऱ्या केसांचा विग महाग, आणि धुतल्यावर दर वेळी सेट करावा लागतो. सिंथेटिक धुतला तरी त्याचं वळण टिकतं, वजनाला हलका असतो. काही महिन्यांसाठी मला तोच योग्य वाटतो. पण आई, तो घालून गॅसपाशी जायचं नाही. कुकरचं झाकण उघडताना येणाऱ्या वाफेनेसुद्धा त्याचे धागे आक्रसतात, आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. स्वयंपाकघरात सुती रुमाल बांध. विगखालीही पातळ सुती टोपी हवी, टाळू तेव्हा फार हळवी झालेली असते.

अंबाडा घालता येईल का, हे तू नक्की विचारशील. साध्या विगमध्ये केस वर घेतले की मानेवर विगची आतली जाळी दिसते. अंबाड्यासाठी वेगळ्या, महागड्या जाळीवर बनवलेला विग लागतो. घरात लग्न-मुंज असेल तर त्याचा विचार करू, रोजच्यासाठी नको.

आणि विग नकोसा वाटला तर डोक्यावरून पदर घे, स्कार्फ बांध, नाहीतर काहीच करू नकोस. कोणी काय म्हणेल म्हणून घालायचा नाही. आरशात बघून तुला बरं वाटावं, एवढ्यासाठीच मी हे सगळं बघतेय. किमो संपल्यावर एक-दोन महिन्यांत लव यायला लागते. काहींचे केस सुरुवातीला कुरळे येतात म्हणे.

बाबा, शिवणाची टेप घ्या. कपाळावर केस सुरू होतात तिथून, कानांच्या वरून, मागे मानेच्या खळगीपर्यंत फिरवून घेर मोजा. केस चापून बसवा, टेप ओढू नका. बहुतेक बायकांचा घेर 22 इंचांच्या आसपास येतो. विगला आतून मागे पट्टे असतात, त्यांनी अर्धा-पाऊण इंच जुळवता येतं. भुवयांच्या वर चार बोटांवर केसांची रेघ येते का, तेही बघा, विग तिथेच बसवायचा असतो. आणि खिडकीपाशी, दिवसा, आईचे समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा.

माप कळलं की मी दुकानात वेळ ठरवते आणि आईला न्यायला येते.

तुमची,
सोनू