पूर ओसरला, धसका राहिला: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक शासन, विधानसौध, बेंगळूरु

महोदय, सादर नमस्कार.

मी निपाणी तालुक्यात, दूधगंगेकाठच्या एका गावात मराठी शाळेत शिकवते. पत्र मराठीत आहे, कन्नड प्रत सोबत जोडली आहे. सीमाप्रश्नाबद्दल यात काही नाही. मला बोलायचं आहे ते पुरानंतर आमच्या घरांत मुक्काम ठोकून बसलेल्या एका आजाराबद्दल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच पात्राबाहेर पडल्या. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं, माणसं काळजी केंद्रांत, म्हणजे सरकारी निवारा छावण्यांत गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ. पाणी उतरलं, पंचनामे झाले, कुणाला भरपाई मिळाली, कुणाला नाही. पण आजही मृगाचा पाऊस लागला की आमच्या गल्लीतली एक बाई रात्रीतून तीन-तीनदा उठते आणि बॅटरी घेऊन नदीची पायरी बघून येते. एका शेतकऱ्याची म्हैस दाव्यालाच बुडाली. दावं कापायला त्याला परत जाता आलं नव्हतं. नदीकडचं रान त्यानं वाट्यानं दिलंय, तिकडं पाऊल टाकत नाही. घरात भांडं पडलं तरी दचकतो, पोरांवर खेकसतो. गाव म्हणतं, धसका घेतलाय. कुणी म्हणतं, बाहेरचं असेल, अंगारा लावा.

डॉक्टर याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात, पीटीएसडी. पुरानंतरचे काही आठवडे झोप न लागणं, रडू येणं स्वाभाविकच. बहुतेक जण डोक्यावर छप्पर आणि जवळ आपली माणसं असली की त्यातून आपोआप सावरतात. पण महिना उलटून गेला तरी तोच प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटतं, स्वप्नात येतो. त्याची आठवण देणारी जागा, माणसं, बोलणं माणूस टाळतो. सारखा सावध राहतो. स्वतःला दोष देत राहतो, कशातच मन रमत नाही, आणि कामधंदा, घर यांवर परिणाम होऊ लागतो, तेव्हा तपासणी हवी. काहींना हे सहा महिन्यांनीही सुरू होतं. लहान मुलं सांगत नाहीत. ती पुन्हा अंथरूण ओलं करतात, आईला सोडत नाहीत, खेळातही घर बुडवतात. वर्गात हे मी बघितलंय.

हे फक्त पुराचंच नाही. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत कितीतरी घरांत फौजेतून परतलेला माणूस आहे. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे मुख्यतः १९८० साली या आजाराला अमेरिकेच्या वैद्यकीय वर्गीकरणात जागा मिळाली. उसाच्या ट्रॉलीच्या अपघातातून वाचलेला, नवऱ्याचा मार खाणारी, अत्याचार सोसलेली, यांनाही तो होतो. आणि बहुतेक ठिकाणी उपचार म्हणजे दारू, नाहीतर मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी. या गोळीनं एक रात्र निघते, आजार तसाच राहतो, वर सवय लागते. खरा उपचार आहे आणि त्यानं माणसं बरी होतात: प्रशिक्षित माणसासोबत त्या आठवणीला हळूहळू सामोरं जाण्याची मानसोपचार पद्धत, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेली नैराश्यावरची औषधं.

आता भाषेचं. हा उपचार बोलण्यातूनच होतो. आमच्याकडच्या कितीतरी वयस्क बायांना मराठीशिवाय दुसरं येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात समोरची व्यक्ती फक्त कन्नड बोलणारी असेल, तर दुभाषा होतो मुलगा, सून नाहीतर शेजारी. मुलासमोर आई काय सांगणार? नवरा मारतो हे सासू सुनेच्या तोंडून सांगेल का? ‘झोप लागत नाही’ एवढंच पलीकडं पोचतं आणि हातात गोळी येते. कन्नड बोलणाऱ्या बाईला नुसता मराठी समुपदेशक दिला तरी हेच होईल. म्हणून ही मागणी मी कुठल्या भाषेच्या बाजूनं करत नाही, रुग्णाच्या बाजूनं करते आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती समजेल त्या भाषेत मिळण्याचा हक्क दिलाच आहे.

महोदय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीतून देशभर गेला. निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था बेंगळूरुत आहे, धारवाडची मानसोपचार संस्था आमच्यापासून फार लांब नाही. मनोचैतन्य योजनेत तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची सोयही आपण केली. पण मंगळवारी तिथं कोण बसतं, कशासाठी बसतं, हे नदीकाठच्या बाईला कुणी सांगितलेलं नाही.

ते आशाताईंनी सांगावं. निपाणी, चिक्कोडी, कागवाड, खानापूरच्या आशाताईंना हा आजार ओळखण्याचं प्रशिक्षण द्या. घरोघरी विचारायचे चार-पाच प्रश्न मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून द्या. या तालुक्यांत दोन्ही भाषा येणारा एकेक समुपदेशक नेमा. काळजी केंद्रात माणसं येतील तेव्हा ‘काय झालं ते सांगा’ म्हणून कुणी त्यांना खोदून विचारू नये. आधी कोरडे कपडे, जेवण, घरच्यांचा ठावठिकाणा, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं कुणीतरी, हे तिथल्या तलाठी-शिक्षकांना शिकवा. मला स्वतःला हे शिकायचं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, त्यावर मराठीतही बोलता येतं. तो दर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला फार खर्च येणार नाही.

कारदगा-भोज, कल्लोळ-यडूर हे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी बहुतेक पावसाळ्यांत येतेच. तेव्हा यातलं जे होण्याजोगं आहे ते मे महिना संपायच्या आत व्हावं आणि काय झालं, काय राहिलं याचं उत्तर आपल्या खात्याकडून लेखी मिळावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
निपाणी तालुक्यातील एक शिक्षिका