बाळंतिणीच्या एका पायाची सूज

संपादक महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षं दवाखाना चालवतो. टेबलाच्या खणात शिंप्याकडे असते तसली मोजपट्टी ठेवतो. तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी एक बाळंतीण आली. सिझरचा बारावा दिवस, डावी पोटरी टणक झालेली. शिरेवर शीर चढली असेल, असं घरच्यांना वाटलं. अंग चोळायला येणाऱ्या मावशींकडून दोन दिवस तोच पाय जोर लावून चोळून घेतला होता. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, कळ थांबायची गोळी द्या फक्त." मी गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी ४ सेंटिमीटरने जाड भरली. ३ च्या वर फरक असला की खोल शिरेत रक्ताची गाठ झाल्याचा संशय घ्यायचाच. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस तासाभरातही दगावतो. म्हणून असा पाय चोळायचा नसतो.

गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून निसर्गानंच केलेली ही सोय आहे. पण बाळंतपणानंतरचे सहा आठवडे धोका राहतो, आणि त्याच दिवसांत आपण सव्वा महिना बाईला खाटेवरून हलू देत नाही. गाठ नाही ना हे पाहायला डी-डायमर ही रक्ततपासणी इतरांच्या बाबतीत उपयोगी पडते, पण बाळंतिणीत ती एरवीही वाढलेलीच असते. तिला थेट डॉप्लरला, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतं का ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीलाच पाठवावं लागतं.

आमच्याकडे जवळचं डॉप्लर ४० किलोमीटरवर, आणि रविवारी बंद. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय सोनोग्राफीचं यंत्र दवाखान्यात ठेवता येत नाही. तो कायदा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग निदान उपजिल्हा रुग्णालयात तरी रविवारी डॉप्लर व्हायला नको का? उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची सूचना स्पष्ट आहे: चार तासांत सोनोग्राफी होणार नसेल तर थांबू नका, रक्त पातळ करण्याचं औषध आधी सुरू करा. मी टाके पाहिले, अंगावरून किती जातंय ते विचारलं, प्रसूतितज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि वजनाप्रमाणे हेपारिनचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात खटपट करून डॉप्लर झालं. गाठ मांडीपर्यंत होती.

११ वर्षांपूर्वी प्लास्टर घातलेला एक शेतकरी पाय सुजला म्हणून माझ्याकडे आला होता. "प्लास्टर आहे, सूज येणारच," असं सांगून मी त्याला घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तो गेला. मोजपट्टी त्यानंतर घेतली. प्लास्टरमध्ये पोटरी मोजता येत नाही, पण म्हणून संशयही घ्यायचा नाही असं थोडंच आहे?

उपचार निदान तीन महिने चालतात. इतर रुग्णांना आता रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारोक्सॅबॅनसारख्या गोळ्या चालतात, पहिले २१ दिवस दोन वेळा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र हेपारिन किंवा वॉरफरिनच द्यावं लागतं, आणि वॉरफरिनवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. या मुलीचा परवा २.४ आला. पंधरा दिवसांत सूज उतरते आणि लोक औषध सोडून देतात. तसं करू नका. मनानं कळीच्या गोळ्याही घेऊ नका, रक्तस्राव होतो.

आरोग्य विभागाला एक विनंती आहे. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी बाळ पाहायला घरी जातात. त्याच फेरीत त्यांनी आईचे दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहावेत, आणि एकच सुजलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर असतोच. त्यात एक मोजपट्टी द्या.

— एक फॅमिली डॉक्टर, जि. सातारा
(रुग्णांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)