दहाबच्या रीब्रीदर कोर्सआधी : बेलआउट आणि ऑक्सिजन सेल

सर्वांना नमस्कार,

इजिप्तमधल्या दहाबला ६० मीटरच्या ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हीलियम, नायट्रोजनचं मिश्रण) डायव्हिंग कोर्ससाठी निघणाऱ्यांनी रविवारच्या बैठकीला आपापलं रीब्रीदर यंत्र (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं) आणि बेलआउटचं, म्हणजे यंत्र बिघडल्यास वर येण्यासाठी सोबत न्यायच्या वेगळ्या सिलिंडरमधल्या वायूचं, लेखी गणित आणावं.

गणित मनापासून करा. ६० मीटरवर दाब ७ बार. वर श्वासाला मिनिटाला २० लिटर वायू लागत असेल तर तिथे १४०. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं तरी २,२०० लिटर, म्हणजे जेमतेम १५ मिनिटं. लूपमध्ये (यंत्राच्या श्वासाच्या बंद वर्तुळात) कार्बन डायऑक्साइड साचून धाप लागली असेल तर त्याच्याही निम्मी. जड होतं म्हणून एक सिलिंडर कमी नेणं मला अजिबात मान्य नाही.

वर्ष उलटलेले ऑक्सिजन सेल (लूपमधला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर) बदला, चालतायत असं वाटलं तरी. थकलेला सेल जमिनीवर शुद्ध ऑक्सिजनमध्ये १.० (ऑक्सिजनचा दाब, बारमध्ये) नीट दाखवतो, पण खाली १.३ पर्यंत पोचतच नाही. यंत्राला वाटतं ऑक्सिजन कमी आहे, आणि ते सोडत राहतं. पुढे ऑक्सिजन जास्त होऊन पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणून ६ मीटरवर ऑक्सिजन फ्लश करून (लूप शुद्ध ऑक्सिजनने भरून) आकडा १.६ च्या जवळ जातो का, हे पाहायचं.

सोडालाइमचे (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचे) वापरलेले तास वहीत लिहा. प्री-ब्रीद (पाण्यात उतरण्याआधी यंत्रावर श्वास घेऊन पाहणं) बसून, नाक बंद ठेवून, पूर्ण ५ मिनिटं.

दहाबच्या ब्लू होल या समुद्रातल्या खोल खड्ड्याची कमान (खडकातला बोगदा) ५५ मीटरच्या आसपास सुरू होते. काठावरच्या खडकावर तिथे जीव गमावलेल्यांच्या स्मृतिपाट्या आहेत. कमान या वेळी आपल्या बेतात नाही, कृपया आग्रह धरू नका.

वैद्यकीय दाखला शनिवारपर्यंत माझ्याकडे द्यावा.