कॅप्सूलची बाटली उघडण्याआधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुला माहीत आहे. मी दुसऱ्या वाक्याला उपदेशावर येते आणि तू नुसती ‘हं हं’ करत राहतेस. शिवाय यात औषधांची नावं आहेत, ती लिहिलेली बरी.

डॉक्टरांनी नैराश्यावर दिलेल्या एसिटालोप्रामची स्ट्रिप ड्रॉवरमध्ये तशीच पडून आहे, त्याऐवजी सेंट जॉन्स वर्ट या झाडाच्या कॅप्सूल मागवल्यात, ‘हर्बल आहेत गं, काळजी करू नकोस’ असं तू लिहिलंस. जन्मभर औषधांच्या काउंटरमागे उभी राहिलेली बाई मी. हे वाक्य ऐकलं की मला आधी काळजीच वाटते. पण मी या झाडाच्या विरोधात आहे असं समजू नकोस. या औषधात दम आहे, असंच माझं मत आहे. म्हणून तर एवढं लांबलचक लिहितेय. ज्याच्यात काही दमच नाही, त्याच्यापासून धोका कसला?

झाड म्हणजे पिवळ्या फुलांचं एक मध्यम उंचीचं रोप, मूळचं युरोपातलं. पान उजेडासमोर धरलं तर सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. कळी चिमटीत चिरडली की बोटं लालसर होतात, तो रंग हायपरिसिनचा. पण मनावर काम करण्यात मोठा हात दुसऱ्याच घटकाचा मानतात, त्याचं नाव हायपरफोरिन. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, डोपामिन ही मेंदूतली रसायनं पेशींनी पुन्हा शोषून घेण्याचं प्रमाण तो कमी करतो. म्हणजे तू ज्या गोळीला नाही म्हणतेस, तिच्याच रस्त्यानं हेही बरंचसं जातं!

फायदा होतो का? होतो. २००८ साली कॉक्रेननं, म्हणजे औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं, २९ चाचण्यांचा, जवळपास साडेपाच हजार रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, हा अर्क सरस ठरला, नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरला, आणि साइड इफेक्टमुळे औषध मध्येच सोडणारे गोळ्यांच्या मानानं कमी निघाले. त्याच आढाव्यात एक मेखही आहे: जर्मन भाषिक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतर ठिकाणांपेक्षा जास्त उजवे आले होते. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेत ३४० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिच्यात हे झाड प्लासिबोच्या पुढे गेलं नाही. पण सर्ट्रालिन ही नैराश्यावरची नावाजलेली गोळीसुद्धा मुख्य निकषांवर गेली नाही. झाडाचे विरोधक या चाचणीचा पहिला अर्धा भाग सांगतात, समर्थक दुसरा. माझ्यापुरतं मी असं धरून चालते की सौम्य ते मध्यम नैराश्यात याचा उपयोग होऊ शकतो, आणि नैराश्य तीव्र असेल तर यावर विसंबून वेळ घालवू नये.

आता खरा मुद्दा. तुझ्या पर्समध्ये आधीच दोन औषधं आहेत.

पहिली, गर्भ राहू नये म्हणून घेतेस ती हार्मोनची गोळी. यकृतात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. आपण घेतो त्यातली कितीतरी औषधं मोडून बाहेर काढायचं काम त्याचं. हायपरफोरिन जाऊन या खात्यात जादा कामगार भरती करतो. मग तुझी हार्मोनची गोळी ठरल्या वेळेआधीच निकालात निघते आणि रक्तात पुरेशी राहतच नाही. तुला बाहेरून काही कळत नाही. एकही दिवस न चुकवता गोळी घेऊनसुद्धा मध्येच स्पॉटिंग होऊ शकतं, आणि नको असताना दिवसही राहू शकतात. तसं घडल्याच्या नोंदी आहेत.

मी उगाच घाबरवत नाहीये. २००० साली झ्युरिकच्या डॉक्टरांनी हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. नवं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून ते सायक्लोस्पोरिन घेत होते, जोडीला हे झाड सुरू केलं. सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर ते हृदय नाकारायला लागलं. झाड बंद केल्यावर पातळी पूर्ववत झाली. त्याच वर्षी निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका अभ्यासात एचआयव्हीवरच्या इंडिनाविर या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्याहून खाली गेलेलं दिसलं, आणि एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं डॉक्टरांना सावधगिरीचं पत्रक काढलं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, कर्करोगावरची काही औषधं, सगळी याच यादीत. काउंटरवर उभं राहून मी कितीतरी जणांना ‘आणखी काही घेता का?’ विचारलं असेल. ‘काही नाही’ म्हणतात आणि पिशवीतून हर्बल डबा डोकावत असतो. तो त्यांच्या हिशेबी औषधातच येत नाही.

दुसरं, तुझं अर्धशिशीचं सुमाट्रिप्टान. इथे धोका उलट्या बाजूचा. तेही सेरोटोनिनच्याच वाटेनं काम करतं, एसिटालोप्रामही तसंच. यातलं काहीही या कॅप्सूलबरोबर घेतलं तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: घाम, थरथर, छातीत धडधड, जुलाब, अंग ताठणं, ताप, डोक्यात गोंधळ. हे क्वचित होतं, पण झालं तर वाट बघत बसायचं नसतं, थेट इमर्जन्सीत जायचं. तेव्हा ‘सकाळी झाडाची, रात्री डॉक्टरांची, दोन्ही थोडं थोडं’ हा मधला मार्ग मनातही आणू नकोस. आज बंद, उद्यापासून दुसरं, असंही नाही. झाड थांबवल्यावर यकृताचा तो जोर ओसरायला साधारण दोन आठवडे जातात.

बाकीचे त्रास किरकोळ म्हणता येतील. पोट बिघडणं, तोंड कोरडं पडणं, गरगरणं, आणि काहींची त्वचा उन्हात पटकन भाजते. एक मात्र किरकोळ नाही. मागे कधी तुला दोन-तीन तास झोपूनही प्रचंड तरतरी, डोक्यात विचारांचा धडाका, वाट्टेल तसा खर्च असे दिवस आले असतील, तर ते डॉक्टरांना सांगच. बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार असेल, तर हे झाड माणसाला थेट उन्मादात ढकलू शकतं. एसिटालोप्रामचंही तसंच आहे, म्हणून तर डॉक्टर आधी खोदून खोदून विचारतात.

गोळीची तुला भीती वाटते, मला समजतं. सवय लागेल, मी मी राहणार नाही, लोक काय म्हणतील. यातलं जे काही असेल ते डॉक्टरांना तोंडावर विचार. ‘मला झाडाचं औषध घेऊन बघायचंय’ हेही त्यांना सांगता येतं. जर्मनीत डॉक्टर स्वतः हे लिहून देतात. चाचण्यांमध्ये बहुधा ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असा प्रमाणित अर्क वापरला गेला. तुझ्या बाटलीवर तसं काही छापलंय का बघ. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये घटकांचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं. आणि काहीही घेतलंस तरी चार-सहा आठवड्यांच्या आत निकाल लावू नकोस.

तोवर बाटलीचं सील फोडू नकोस, एवढं माझं ऐक. पुढच्या भेटीला बाटली, हार्मोनची गोळी, सुमाट्रिप्टान, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओत. मग दोघं मिळून ठरवा. निर्णय झाडाच्या बाजूनं लागला तरी मी कुरकुर करणार नाही.

आणि मधल्या काळात जगणं नको असं वाटलं, अगदी ओझरतं जरी वाटलं, तर भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. कितीही वाजलेले असोत, मला उठव. मी फोन उचलला नाही तर जवळच्या हॉस्पिटलात जा, एकटी बसू नकोस.

तुझी,
आई

ता. क. खोकल्याचं सिरप घरात असेल तर त्यावर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का तेही बघ. तेही सेरोटोनिनच्याच गोतावळ्यातलं. पिशवीत टाक.