सगळं ट्यूनिंग सारखं नसतं

संपादक महोदय, साध्या सेडानचं पॉवर वाढवणं म्हणजे इंजिनाची वाट लावणं, असा तुमच्या लेखाचा सूर होता, तो मला अजिबात पटला नाही. बाहेरून ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा कॉम्प्युटर) रिमॅप केला, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदललं, तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं हे खरंच, पण कंपनीचं स्वतःचं पॅकेज वेगळं असतं ना! व्होल्वोने आपल्या एस६० टी६ सेडानसाठी पोलस्टार या ट्यूनिंग ब्रँडचं सॉफ्टवेअर दिलं तेव्हा पॉवर ३०० वरून ३२५ हॉर्सपॉवर झाली, म्हणजे जेमतेम ८ टक्के वाढ, आणि वॉरंटी तशीच राहिली. कारण गिअरबॉक्स, कूलिंग किती सोसेल हे बनवणाऱ्यालाच नीट माहीत असतं. लेखात हा फरक यायलाच हवा होता, नाहीतर लोक दोन्हींना एकच समजतात.

– एक वाचक